रिकाम्या सीटची वजनं

भाऊजी,

रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला, तुमच्या आठवणीच्या सभेला, मांडव अपुरा पडला. शंभर खुर्च्या सांगितल्या होत्या. शेजारच्या शाळेतून आणखी चाळीस आणाव्या लागल्या. खुर्च्या, पाण्याचे जार, पांढरी फुलं, माईक, बोलणाऱ्यांची नावं, सगळं माझ्याकडं होतं आणि सगळं वेळेत झालं. त्रिसरण-पंचशील झालं, मग एकेक जण बोलायला उठला. यादीत नववं नाव माझं होतं. सातवा माणूस बोलून खाली बसला आणि मी माझं नाव खोडलं.

सातवे म्हणजे शिरोली एमआयडीसीत आपल्या शेडच्या पलीकडं लेथ चालवणारे पाटीलमामा. तुमच्यावर त्यांचा फार जीव. डोळे पुसत पुसतच ते म्हणाले, "सिद्धार्थ मिस्त्रीसारखा हात जिल्ह्यात न्हाय. पर गडी एकदा कसा गंडला बघा. रेसची गाडी रस्त्यावर आणली. हॉर्न लावला, काचा लावल्या, गालिचा घातला. आणि गाडीत माणसं बसत्यात, हेच इसरला की!"

मांडव हसला. प्रेमानंच हसला. तुमची संगीता, माझी धाकटी जाऊ, मान खाली घालून बसली होती. मी तिच्या शेजारी, हातात यादी धरून.

ही गोष्ट शिरोलीत दहा वर्षं फिरते आहे. तुमच्या तोंडावरसुद्धा लोक ती सांगायचे आणि तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. पण माणसं विसरले ते तुम्ही नव्हे, भाऊजी. मी विसरले. हे तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि रविवारी दीडशे लोकांसमोर सांगायची संधी आली तेव्हाही मी पेनची रेघ ओढून मोकळी झाले. म्हणून आता लिहिते आहे. शिरोलीच्या कारखानदारांची जी मासिक पत्रिका निघते, तिला देणार आहे. जिथं तुमचं हसं झालं तिथंच हे वाचलं जायला हवं.

मी लग्न होऊन गडमुडशिंगीला आले, तेव्हा तुम्ही मद्रासच्या ट्रॅकवर पहिली शर्यत करून आला होता. तिसऱ्याच फेरीत बाहेर पडला होता, पण सांगताना असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, उरलेल्यांनीच काहीतरी चुकीचं केलं. मी एका फाउंड्रीत स्टोअर सांभाळत होते. कुठला बोल्ट कुठल्या खणात आणि किती, हे ठाऊक असल्याशिवाय मला चैन पडत नसे. तुम्ही सुटे भाग गोणपाटावर ओतायचा आणि ढिगात हात घालून शोधायचा. पहिल्याच महिन्यात मी तो ढीग डब्यांत लावला. तुम्ही घर डोक्यावर घेतलं. "दादा, तुझ्या बायकोनं माझं समदं हरवलं!"

तुमचे दादा पेपरातून मान न काढता म्हणाले, "तिलाच इचार."

तीन दिवस विचारलं नाहीत. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. "वहिनी, दहाचा पाना कुठल्या डब्यात हाय?"

"लाल. झाकणावर लिहिलंय."

"वाचायला येतंय मला," म्हणालात, आणि त्या दिवसापासून शेडमधली प्रत्येक यादी माझी झाली.

तुमच्या शर्यतीला टूरिंग क्लास म्हणत. रस्त्यावर धावते तीच चार दारांची गाडी घ्यायची, आतून रिकामी करायची आणि ट्रॅकवर पळवायची. आपण मागची सीट काढली, पुढची डावी सीट काढली, गालिचा, हॉर्न, वायपर, हीटर, दारांच्या आतले पुठ्ठे, सगळं काढलं. काचांच्या जागी प्लास्टिक आलं आणि आत, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आला. काढलेली प्रत्येक वस्तू फाउंड्रीतल्या काट्यावर ठेवायची आणि मी कागदावर लिहायची. कागदाच्या तळाशी दोन ओळी कायम असत: पेट्रोल इतकं, आणि माणूस एक. तो माणूस तुम्ही. शर्यतीआधी तुमचंही वजन करायची. ट्रकवर गाडी चढवायला दोन दिवस राहिले की ताटावर माझा पहारा बसायचा.

"आई, त्यांना रस्सा एकच वाटी द्या. परवा निघायचंय."

सासूबाई पळी आपटायच्या. "अगं ए, पोरगं हाय का बोकड? सारखी वजनं करतीस ते!"

तुम्ही ताटात बघत म्हणायचा, "आई, वहिनींचं बरोबर हाय," आणि त्या वळल्या की वाटी हळूच माझ्याकडं सरकवायचा. मी ती तशीच परत सरकवायची. आज वाटतं, एखाद्या वेळी घालायला हवी होती.

शेडचा एक रिवाज होता आणि तो मीच कडक पाळायला लावला. गाडीत तुमच्याशिवाय कुणी बसायचं नाही. सीट तुमच्या अंगाच्या मापाची, दारं पत्र्याच्या डब्यासारखी हलकी, आणि बघायला येणारे सगळे दार धाडकन लावणारे. मी पाटी रंगवून आणली. ती न वाचता कुणी हात घातलाच, तर तुम्ही आतून ओरडायचा, "पावणं, बाहेरनं बघा!" आमदारांचा मेहुणा असो की तुमचे सख्खे दादा असोत, सगळे बाहेरूनच बघायचे. मी स्वतः त्या गाडीत कधी बसले नाही. तसं काही मनातही आलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ट्रॅकवर नव्या गाड्या आल्या आणि आपली मागं पडायला लागली. सगळे म्हणाले, भंगारात घाला नाहीतर इंजिन काढून विका. तुम्ही आठवडाभर गाडीभोवती फिरलात आणि म्हणालात, "वहिनी, हिला रस्त्यावर आणूया. पर हिची म्हैस करायची न्हाय. दिसाया साधी दिसली पाहिजे आणि घाटात सोडली की कळलं पाहिजे, ही कुठनं आलीया." तशी गाडी तेव्हा आपल्याकडं कुणी बनवत नव्हतं. नमुना एक करायचा, लोकांना दाखवायचा, आणि पसंत पडला तर तशा आणखी करायच्या. त्या दिवसांत तुमचा चेहरा असा होता की सासूबाईंनी रस्सा न मागता दोनदा वाढला आणि मी काही बोलले नाही.

मी यादी केली. रस्त्यावर यायला लागणाऱ्या तेवीस गोष्टी. तुम्ही प्रत्येकीवर भांडलात.

"हॉर्न कशाला? मी कुणाच्या मागं राहतोय व्हय?"

"म्हशींच्या मागं राहाल. सकाळी गडमुडशिंगीच्या रस्त्यावर या, मोजून दाखवते."

"बरं, हॉर्न घ्या. हँडब्रेक न्हाय. चढाला दगड लावू."

"म्हणजे प्रदर्शनात गाडीशेजारी दगडही मांडायचा?"

हसलात, आणि हँडब्रेक आला. सायलेन्सरवर दोन दिवस गेले. इंजिनावर तर आठवडा. शर्यतीचं इंजिन सावकाश चालायला तयारच नव्हतं. दसरा चौकात सिग्नलला थांबलं की धडधडून बंद पडायचं, नाहीतर उकळायचं. मोठा पंखा बसवला, तरी धडधड राहिली. शेवटी तुम्ही शर्यतीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, काढून साधा, पण थोडा घासून सुधारलेला घातला. वरच्या वेगाची ताकद गेली, सावकाशीची चाल आली. ते बरोबर होतं, पण तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, जणू ताकद मीच चोरून नेली. पिंजऱ्यावर मात्र मी हरले. तुम्ही म्हणालात, "हाडं काढली तर उरंल काय?" मग त्या नळ्यांवर काळं रेक्झिन शिवून चढवलं, आणि खरं सांगते, ते यादीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा देखणं दिसलं.

आता ती गोष्ट.

शर्यतीच्या स्प्रिंग दगडासारख्या. रस्त्यावरून नेली की खडा लागला तरी दात वाजायचे. मऊ स्प्रिंग घालायच्या होत्या आणि त्या गाडीच्या वजनावर ठरतात. तुम्ही खडू घेऊन भिंतीपाशी उभे राहिलात आणि विचारलंत, "वहिनी, सगळं धरून किती?"

मी यादी वाचून आकडा सांगितला. यादी चोख होती. नव्या काचा होत्या, गालिचा होता, सायलेन्सर होता, जादा चाक होतं. डावी सीट होती, मागची लांब सीट होती. दोन्ही मी स्वतः काट्यावर ठेवून घेतल्या होत्या. आणि तळाशी, आठ वर्षं लिहीत आले होते तसंच: पेट्रोल, माणूस एक. सीटची वजनं लिहिली, भाऊजी. सीटवर बसणारी माणसं लिहिली नाहीत.

तुम्ही तो आकडा भिंतीवर लिहिलात, त्यावर गणित केलंत आणि स्प्रिंग मागवल्या. माझ्या यादीतला आकडा तुम्ही कधी तपासत नसायचा. "वहिनींच्या यादीत चूक नसती," हे तुम्हीच सगळ्या शिरोलीला सांगितलेलं.

औद्योगिक प्रदर्शनात गाडी तीन दिवस उभी होती. तिथं इनामदार साहेबांनी ती बघितली. फाउंड्रीचे मालक, हौशी माणूस. तिसऱ्या दिवशी तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सिद्धार्थ, अशा आठ करायच्या. पुण्यात आणि बेळगावात माझी माणसं आहेत, ती घेतील. भांडवल माझं, हात तुझा. एकदा घरच्यांना घेऊन चक्कर मारतो, म्हणजे पक्कं." आठ गाड्या म्हणजे दोन वर्षांचं काम. त्याहून मोठी गोष्ट ही, की दुसऱ्यांच्या गाड्यांची दुरुस्ती सोडून तुम्ही स्वतःची गाडी बनवणारा माणूस झाला असता. त्या रात्री जेवताना तुम्ही पुढच्या गाड्यांचे रंग सांगत होता.

त्या चकरेआधी महिनाभर तुम्ही रोज सकाळी गाडी बिद्रीपर्यंत नेऊन आणलीत. एकट्यानं. परत येऊन सांगायचा, "लोणी हाय, वहिनी, लोणी!" आणि खरंच होती. एका माणसासाठी ती गाडी लोणीच होती.

त्या दिवशी मी पाटी काढून ठेवली. तुम्ही चालवायला, शेजारी इनामदार साहेब, मागं त्यांच्या पत्नी आणि आई. गाडी फाटकातून निघाली तेव्हा मागची बाजू खाली गेलेली मला दिसली. वाटलं, उतार आहे. दोनशे पावलांवर फाउंड्रीसमोर नवा स्पीडब्रेकर झाला होता, उंच. तुम्ही सावकाशच गेलात. तरी तो आवाज आला. इंजिनाखाली तेल साठतं तो चेंबर फुटला होता. मी पळत पोचले तेव्हा डांबरावर काळी धार चालली होती आणि साहेबांच्या आई दार उघडून उतरत होत्या.

पदर सावरून त्या तुम्हाला म्हणाल्या, "लेकरा, गाडी झ्याक हाय. पर एकट्याची हाय रं. आम्हास्नी कुठं बसवतोस?"

मला तिथंच कळलं. आकडा डोळ्यांसमोर आला, त्याच्या वरची 'माणूस एक' ही ओळ आली.

इनामदार साहेब सभ्य माणूस. चिडले नाहीत. एवढंच विचारलं, "सिद्धार्थ, वजन धरताना आमचं धरलं नव्हतं का?"

तुम्ही म्हणालात, "चुकलं साहेब. स्प्रिंग मी निवडल्या. माझी चूक हाय."

मी दहा पावलांवर उभी होते. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. माणसं गाडी ढकलायला वाकली आणि मी शेडकडं वळले. भिंतीवर खिळ्याला लावलेला यादीचा कागद काढला, घडी केली आणि घरी येऊन बंबात घातला. आयुष्यात मी एकच यादी जाळली, ती ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेडमध्ये आलात, मोकळ्या खिळ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "चहा सांगूया का, वहिनी?" एवढंच. तुम्हाला कळलं होतं का? तीन महिने तो कागद रोज तुमच्या डोळ्यांसमोर होता. मी हे इतक्या वेळा उलटंपालटं करून पाहिलंय की आता त्या वाक्यातला तुमचा आवाजही खात्रीनं आठवत नाही.

तीन आठवड्यांत तुम्ही सगळं नीट केलंत. मागं कडक स्प्रिंग, गाडी दोन बोटं उंच, चेंबरखाली जाड पत्रा. आपण पाच जण बसून, वर सिमेंटची दोन पोती ठेवून त्याच स्पीडब्रेकरवरून दहा वेळा गेलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा आत बसले. पण इनामदार साहेब परत आले नाहीत. आठ गाड्या झाल्या नाहीत. तुम्ही पुन्हा दुसऱ्यांच्या गाड्यांखाली गेलात आणि त्यातही नाव काढलंत. फक्त त्या नावामागं ती गोष्ट चिकटून राहिली.

पहिल्या दिवशी मी भिऊन बोलले नाही. मग लाजेनं. मग इतके दिवस झाले की उशीर झाला, हेच कारण पुरायला लागलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी बसून गोळ्यांच्या वेळा लिहीत होते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "यादी केलीसा?"

"केली."

"मग मी निवांत," म्हणालात आणि झोपलात. तुम्हाला उठवून सांगावं, असं वाटलं. पेन ठेवलंसुद्धा. मग ते निवांतपण मोडवेना. ही माझी सबब आहे की खरं कारण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंगळवारी दुपारी संगीता स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली होती. तिच्यासमोर बसून मी हे इथपर्यंत वाचून दाखवलं. छापायच्या आधी तिला कळायला हवं होतं. तिनं हातातला खडा ताटाबाहेर टाकला.

मग म्हणाली, "इतकी वर्सं गप बसलासा, अक्का? ते हसून सोसत व्हते आणि तुमी ऐकत व्हतासा?"

"हो."

"त्यांना सांगायचं व्हतं. मला सांगून आता काय?"

मी कागदाची घडी घालायला लागले. तिनं हात धरला. रागच होता तो, पण हात सोडला नाही.

"आणि समदं सवताच्या अंगावर घिऊ नका. बिद्रीला रोज सकाळी कोण जायचं? एकटंच? मी दारात उभी असायची, दोन महिन्यांची नवरी. एकदा तरी 'चल' म्हणाले का? तुमच्या यादीत माणूस एक व्हता, मान्य हाय. त्यांच्या मनात तरी दुसरं कुठं व्हतं?"

मग ती पुढं बोलली, आणि हे मला ठाऊकच नव्हतं, भाऊजी. चेंबर नीट झाला, पाच जण आणि पोती घालून झाली, त्याच संध्याकाळी तुम्ही तिला गाडीत बसवलंत. पुढं, डाव्या सीटवर. बिद्रीपर्यंत नेलंत. "दर स्पीडब्रेकरला बैलगाडीवानी हळू करायचे आणि इचारायचे, लागलं का? लागलं का? मी म्हटलं, मला न्हाय लागलं, गाडीला इचारा." सांगताना ती हसली आणि मग पदर तोंडाला लावला. त्यानंतर दर रविवारी तुम्ही तिला नेत होता म्हणे. मला वाटायचं, गाडी गरम करायला नेता.

काल मी पाटीलमामांकडं जाऊन आले. त्यांनी लेथ बंद केली, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मग आता ती गोष्ट मी सांगायची कशी?"

"सांगा की. फक्त एक नाव वाढवा."

संगीतानं हा कागद पुन्हा एकदा वाचून घेतला. वर 'मी विसरले' लिहिलंय ते मी तसंच ठेवलंय, कारण रविवारी मला तेवढंच माहीत होतं. पण शेवटी तिनं एक वाक्य बदलायला लावलं. मी 'चूक माझी' असं संपवलं होतं, ते तिनं खोडून घेतलं: चूक दोघांची. तुम्ही असता तर यावरही दोन दिवस भांडला असता. "वहिनी, तुमचं नाव कशाला मधी?" भांडायला तुम्ही असायला हवे होतात.

पण त्या चुकीत नावं कुठल्या क्रमानं येतील ते मी ठरवणार, भाऊजी. आधी माझं, मग तुमचं. मी थोरली आहे.